किटच्या गिटारची बाजू

घरी किट आणून इलेक्ट्रिक गिटार तयार करणाऱ्यांविषयी एक मत आपल्याकडे पक्कं झालेलं आहे. ही गिटार बनवणं नव्हे, तयार भाग जोडणं आहे. त्यातून शिकण्यासारखं काही नाही, हाती येणारं वाद्य चांगलं नसतं आणि पैसेही वाचत नाहीत. गिटार शिकवणाऱ्यांकडून, वाद्यांच्या दुकानांतून आणि लाकडात हयात घालवलेल्या कारागिरांकडूनही हे मी वारंवार ऐकलं आहे. बोलणारी माणसं जाणती आहेत, म्हणूनच त्यांचं म्हणणं ऐकून एखादी मुलगी किंवा मुलगा हातातलं किट परत करतो. हे नुकसान मला खरं वाटतं, त्यामुळे या मताला सविस्तर उत्तर देणं भाग आहे.

पैशांचा आक्षेप बरोबर आहे. किटमध्ये बॉडी, नेक, पिकअप, ब्रिज, खुंट्या, वायर आणि स्क्रू येतात. त्यावर सँडपेपर, सीलर, रंग किंवा पॉलिश, सोल्डरिंग आयर्न, कानशी, धातूची सरळ पट्टी आणि तारांचा चांगला संच एवढा खर्च चढला की त्याच पैशांत दुकानातून बऱ्यापैकी तयार गिटार घरी येते. पुढे विकायला काढली तर नाव नसलेल्या गिटारला कुणी भाव देत नाही. ज्याला फक्त वाजवायचं आहे आणि उद्यापासून वाजवायचं आहे, त्याने किटच्या वाटेला जाऊ नये. हे मी कुणी विचारलं तरी सांगतो. उरलेले दोन आक्षेप मात्र मला मान्य नाहीत.

‘हे फक्त जोडणं आहे’ असं म्हणणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा व्हायोलिन किंवा स्पॅनिश गिटार घडवणारा कारागीर असतो. तिथे आवाज पोकळ पेटीतून येतो. वरच्या फळीची जाडी जराशी इकडेतिकडे झाली तरी वाद्याचा स्वभाव बदलतो. त्या फळीवर रंधा कुठे थांबवायचा हे ठरवणारा माणूसच ते वाद्य घडवतो, यात वाद नाही. पण ती मोजपट्टी इलेक्ट्रिक गिटारला लावणं म्हणजे तिचा इतिहास पुसून टाकणं आहे. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला जॉर्ज बोशांप आणि अ‍ॅडॉल्फ रिकनबॅकर यांनी बाजारात आणलेली ‘फ्राइंग पॅन’ गिटार ओतीव अ‍ॅल्युमिनियमची होती. त्यानंतर काही वर्षांनी गिटारवादक लेस पॉल न्यूयॉर्कमधल्या एपिफोनच्या कारखान्यात रविवारी जाऊन काम करू लागला. त्याने पाइनचा चार बाय चार इंचाचा एक ठोकळा घेतला, त्यावर पिकअप आणि नेक चढवला, आणि ते गिटारसारखं दिसावं म्हणून एका पोकळ गिटारचे दोन अर्धे दोन्ही बाजूंना जोडले. त्या ठोकळ्याला तो ‘लॉग’ म्हणत असे. पेटी नसली तरी चालतं हे त्याने असं सिद्ध केलं.

मग आला लिओ फेंडर. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. त्याने वाद्याकडे दुरुस्ती करणाऱ्याच्या नजरेने पाहिलं. तोवर चांगल्या गिटारचा नेक खाच पाडून सरसाने चिकटवलेला असे आणि तो बिघडला की काम मोठं होई. फेंडरने १९५० साली बाजारात आणलेल्या गिटारचा नेक चार स्क्रूंनी बसवलेला होता. नेक खराब झाला तर काढा आणि दुसरा लावा. हीच गिटार १९५१ मध्ये टेलिकास्टर झाली आणि १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर आली. आज बाजारात मिळणारी बहुतेक किट याच दोन आकारांची असतात आणि त्याला कारण आहे: या गिटारी मुळातच सुट्ट्या भागांतून उभ्या राहाव्यात अशा आखलेल्या होत्या. फेंडरच्या कारखान्यात एक माणूस एक गिटार पहिल्यापासून शेवटपर्यंत बनवत नसे. टॅडिओ गोमेझ नेकला आकार देई. त्याची पेन्सिलने लिहिलेली ‘टी. जी.’ ही आद्याक्षरं नेकच्या टोकाला सापडली की आजचे संग्राहक हरखून जातात. अ‍ॅबिगेल इबारा पिकअपवर तांब्याची तार गुंडाळत असे. रंग तिसराच देई, सोल्डर चौथा करी, तारा पाचवा चढवी. ज्या जुन्या स्ट्रॅटोकास्टरसाठी लोक आज घर विकत घेता येईल एवढे पैसे मोजतात, ती अशी अनेक हातांनी जोडलेली गिटार आहे. कारखान्यातल्या बाकावर जोडली तर अमर वाद्य आणि दादरच्या गॅलरीत जोडली तर खेळणं, हा न्याय मला समजत नाही.

हाच मुद्दा मोठ्या वादकांकडे पाहिलं तर आणखी स्पष्ट होतो. एरिक क्लॅप्टनची ‘ब्लॅकी’ ही एका कारखान्यातून एका दिवशी बाहेर पडलेली गिटार नव्हती. १९७०मध्ये नॅशव्हिलच्या एका दुकानातून त्याने जुन्या स्ट्रॅटोकास्टर घेतल्या, काही मित्रांना देऊन टाकल्या आणि उरलेल्या तिघींचे उत्तम भाग एकत्र येऊन ‘ब्लॅकी’ उभी राहिली. २००४मध्ये क्रिस्टीजच्या लिलावात तिला ९,५९,५०० डॉलर मिळाले. एडी व्हॅन हेलनने ५० डॉलरची बॉडी आणि ८० डॉलरचा नेक विकत घेतला, आपल्या पिकअपसाठी बॉडीत जागा हवी म्हणून पटाशीने लाकूड उकरलं आणि दुसऱ्या गिटारचा पिकअप त्यात बसवला. १९७८ साली आलेल्या त्याच्या बँडच्या पहिल्या अल्बमने रॉक गिटार वाजवण्याची पद्धत बदलली आणि त्या आवाजात याच जोडलेल्या गिटारचा मोठा वाटा होता. २०१९मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने ती प्रदर्शनात मांडली.

गिटारवादक ब्रायन मेचं उदाहरण तर माझ्या विरोधकांचं आवडतं आहे. त्याने किट वापरलं नाही, सगळं स्वतः केलं, असं ते सांगतात. १९६३पासून लंडनमध्ये तो आणि त्याचे वडील हॅरॉल्ड यांनी मिळून जी ‘रेड स्पेशल’ बनवली तिच्याबद्दल मला नितांत आदर आहे. शेकोटीच्या जुन्या चौकटीच्या महॉगनीतून नेक, जुन्या टेबलाच्या ओकमधून बॉडीचा गाभा, मोटरसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा, आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं. पण त्याच ब्रायन मेने आधी स्वतः गुंडाळलेले पिकअप बाजूला ठेवले आणि बर्न्स कंपनीचे तयार पिकअप दुकानातून आणून बसवले, कारण स्वतःचे पिकअप तार ताणून सूर वळवताना नीट वाजत नव्हते. त्याच्या गिटारचा जो आवाज जगाने ऐकला तो विकत घेतलेल्या पिकअपमधून आला. यात त्याचं काही कमी होत नाही. कोणता भाग स्वतः करायचा आणि कोणता विकत आणायचा ही सीमा प्रत्येक जण आपल्या गरजेप्रमाणे आखतो, एवढंच यातून दिसतं.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. किटमध्ये बॉडी कापलेली येते, फ्रेट ठोकलेले येतात, नेक आकारात येतो. मग करायला उरतं काय? माझं उत्तर असं की, गिटार वाजते की वाजत नाही हे ठरवणारं जवळजवळ सगळं काम उरतं.

सुरुवात नेकपासून होते. नटपासून ब्रिजवरच्या सॅडलपर्यंत तारेची लांबी स्ट्रॅटोकास्टरमध्ये ६४८ मिलिमीटर असते. बारावा फ्रेट बरोबर मध्यावर, म्हणजे ३२४ मिलिमीटरवर. फ्रेटच्या जागा या लांबीवरून गणिताने काढलेल्या असतात. त्यामुळे ब्रिज चार मिलिमीटर पुढे बसला तर सगळी गिटार बेसूर, आणि ती कोणत्याही पिकअपने सुरात येत नाही. नेक बॉडीतल्या खाचेत किंचित तिरका बसला तर एका बाजूची तार फ्रेटच्या कडेवरून घसरते. किटच्या नेकची खाच बहुतेक वेळा थोडी सैल किंवा थोडी घट्ट असते. ती कानसून, पातळ पट्टी घालून, मध्यरेषा आखून, पुन्हा पुन्हा लावून पाहून जुळवावी लागते. स्वस्त किटमध्ये बॉडी पावलोनियासारख्या मऊ लाकडाची असते. तिथे स्क्रूसाठी योग्य मापाचं भोक आधी पाडलं नाही तर स्क्रूची पकड जाते. सहा तारांचा मिळून ताण सुमारे ४५ किलो असतो आणि तो नेक बॉडीला धरणाऱ्या चार स्क्रूंवर येतो.

नंतर फ्रेट. किटवाला फ्रेट ठोकून देतो, समतल करून देत नाही. एखादा फ्रेट शेजारच्यापेक्षा जरा उंच असला की त्याच्या मागच्या फ्रेटवर दाबलेली तार त्याला घासून खरखरते. तीन फ्रेटवर टेकेल एवढी छोटी सरळ पट्टी घेऊन ती डुलते का हे पाहायचं, उंच फ्रेट शोधायचे. नेकमधला ट्रस रॉड फिरवून नेक सरळ करायचा. फ्रेटबोर्डवर चिकटपट्टी लावायची, फ्रेटच्या माथ्यावर मार्करने शाई ओढायची आणि लांब सपाट पट्टीला पॉलिश पेपर चिकटवून ती हलक्या हाताने फिरवायची, सगळ्या फ्रेटवरची शाई थोडी थोडी निघेपर्यंत. यात माथे चपटे होतात. म्हणून प्रत्येक फ्रेटला पुन्हा गोलाई द्यायची आणि बारीक कागदाने चकाकी आणायची. स्टील वूल वापरणार असाल तर पिकअप झाकून ठेवावे लागतात, कारण लोखंडाचे कण चुंबकाला जाऊन चिकटतात. हे सगळं झाल्यावर तारा चढवून नेकला अगदी हलका बाक द्यायचा: सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात पाव मिलिमीटरच्या आसपास अंतर. हे काम हाताला शिकवावं लागतं, आणि महागड्या गिटारच्या कारखान्यातही ते कुणाच्या तरी हाताला शिकवावंच लागतं.

नटबद्दल मला थोडं जास्त लिहायचं आहे, कारण या एका लहानशा तुकड्यामुळे किती जणांनी गिटार सोडली असेल या विचाराने मी अस्वस्थ होतो. नट म्हणजे नेकच्या टोकाला असलेली प्लॅस्टिकची किंवा हाडाची पट्टी, जिच्या खाचांतून तारा पुढे जातात. त्या खाचा उथळ असतील तर तारा पहिल्या फ्रेटवर गरजेपेक्षा उंच राहतात. तपासणं सोपं आहे. तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबून धरायची आणि पहिल्या फ्रेटवर किती फट राहते ते पाहायचं. ती दिसेल न दिसेल इतकीच हवी. किटमध्येच कशाला, दुकानातून आणलेल्या स्वस्त गिटारमध्येही ती बरेचदा याच्या कितीतरी पट असते. शिकणारी मुलगी एफ कॉर्ड धरायला जाते, सगळी शक्ती लावते, तर्जनी दुखते, तारा दबत नाहीत, दबल्या तरी सूर चढा लागतो. शिक्षक सांगतात, सराव कर, बोटं घट्ट होतील. बोटांचा काही दोष नसतो. खाच अर्धा मिलिमीटर खोल हवी असते. ज्याने एकदा किटच्या गिटारवर हे काम स्वतः केलं आहे तो कोणाचीही गिटार हातात घेऊन हा दोष ओळखतो. गिटार शिकवणाऱ्यांनी किटला नावं ठेवण्याऐवजी आपल्या वर्गातल्या प्रत्येक गिटारचा नट एकदा तपासावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

इंटोनेशनचं कामही असंच. तार फ्रेटवर दाबली की ती ताणली जाते आणि सूर किंचित चढतो. जाड तारांमध्ये हा फरक अधिक असतो. म्हणून सॅडल गणिताने ठरलेल्या जागेपेक्षा थोडे मागे सरकवावे लागतात, प्रत्येक तारेचं वेगळं. बारावा फ्रेट दाबून येणारा सूर आणि त्याच जागी हलकं बोट ठेवून काढलेला हार्मोनिक सारखा होईपर्यंत स्क्रू फिरवत राहायचं. वायरिंगमध्ये पॉट, कॅपॅसिटर, स्विच आणि जॅक एवढंच असतं, पण ब्रिजला जाणारी अर्थची वायर नीट लागली नाही तर गिटार गुणगुणत राहते, आणि तारांना हात लावला की गुणगुण थांबते की वाढते यावरून चूक कुठे आहे हे कळतं. गिटारमध्ये स्वतःचा वीजप्रवाह नगण्य असतो, धोका अँपकडून येतो. जुन्या घरातल्या तीन पिनच्या सॉकेटला खरोखर अर्थिंग आहे का, हे तपासायची सवय किटमुळे लागली तर तेवढ्यासाठीही किट सार्थकी लागलं.

‘वाद्य चांगलं होत नाही’ या आक्षेपाला मी वेगळं उत्तर देण्याची फारशी गरज उरत नाही. वर सांगितलेलं काम मन लावून केलं तर होतं, टाळलं तर होत नाही. लाकडाबद्दल थोडक्यात सांगतो. किटमधलं लाकूड हलकं असतं म्हणून आवाज हलका, असं म्हणतात. बासवुड हे किटमध्ये नेहमी वापरलं जाणारं स्वस्त लाकूड, आणि गिटारवादक जो सात्रियानीच्या नावाच्या अनेक आयबानेझ गिटारी त्याच लाकडाच्या आहेत. किटचे पिकअप साधे असतात हे खरं. ते बदलायला चार वायर सोडवाव्या लागतात आणि ते ज्याने स्वतः जोडले त्याला सोडवायची भीती वाटत नाही.

कारागिरांचा आक्षेप मला सर्वांत जास्त लागतो, कारण त्यांच्याबद्दल मला आदर आहे. त्यांना वाटतं, किटमुळे त्यांच्या विद्येचा अवमान होतो. त्यांनी मिरजेकडे पाहावं. मिरजेत सतार आणि तानपुरा बनवण्याची परंपरा दीडशेहून अधिक वर्षांची आहे. २०२४मध्ये दोन्ही वाद्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथला भोपळा पंढरपूरकडच्या शेतांतून येतो. तारा कारागीर स्वतः ओढत नाही. वाद्य बांधून, रंगवून, खुंट्या बसवून तयार झालं तरी ते गात नाही. घोडीवर जवारी लागते तेव्हा गातं, आणि जवारी म्हणजे घोडीचा माथा कानसून तारेचा स्पर्श नेमका करणं. मिरजेत जाणकार गवई जवारी चांगली काढणाऱ्याचं नाव विचारत येतात. हीच गोष्ट मी नटबद्दल आणि फ्रेटबद्दल सांगतो आहे. वाद्याचा प्राण शेवटच्या घासणीत असतो आणि किट घेणाऱ्याच्या वाट्याला नेमकी तीच घासणी येते. ज्याने ती एकदा केली आहे त्याला चांगल्या कारागिराची किंमत कळते. तो पुढे आपल्या चांगल्या गिटारसाठी कारागिराकडे जाईल तेव्हा घासाघीस करणार नाही.

किट विकणाऱ्यांनाही मी सोडू इच्छित नाही. ‘एका दुपारी स्वतःची गिटार तयार करा’ अशी जाहिरात खोटी आहे आणि या सगळ्या गैरसमजाला तीच जबाबदार आहे. दुपारी स्क्रू पिळले, संध्याकाळी तारा चढवल्या, गिटार खरखरली, बेसूर वाजली, आणि किट कपाटावर गेलं. ते पाहणारा माणूस मग म्हणतो, किटच्या गिटारी अशाच असतात. किटच्या डब्यात फ्रेट समतल करण्याचा, नट कानसण्याचा, इंटोनेशन लावण्याचा कागद असायला हवा आणि या कामाला काही आठवडे लागतील हे डब्यावर छापलेलं असायला हवं. आपल्या हवामानाबद्दलही कुणी सांगत नाही. पावसाळ्यात मुंबई-कोकणात लॅकरचा फवारा मारला की हवेतली आर्द्रता त्या थरात अडकते आणि रंग पांढुरका पडतो. रंगाचं काम दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेसाठी राखून ठेवावं. आणि दमट जागी ठेवलेला नेक कोरड्या हवेत आला की लाकूड आकसतं, फ्रेटची टोकं कडेला बाहेर येऊन हाताला टोचतात. ती कानसून टाकावी लागतात. यात किटचा दोष नाही, कारखान्याच्या गिटारचंही हेच होतं.

ज्यांच्या घरी किट येऊन पडलं आहे त्यांनी रंगाचा डबा आत्ता उघडू नये. आधी कोऱ्या लाकडावरच नेक बसवा, ब्रिज जागेवर ठेवा, नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंतचं अंतर मोजून तेवढंच पुढे मोजा, आणि सर्वांत जाड व सर्वांत बारीक अशा दोनच तारा ओढून पाहा. दोन्ही तारा फ्रेटबोर्डच्या दोन्ही कडांपासून सारख्या अंतरावर असतील तर पुढचं काम सुरू करा. नसतील तर नेकची खाच आत्ताच दुरुस्त करा. रंग चढल्यावर ती दुरुस्त करता येत नाही.